पुन्हा तोच खेळ का? ‘कॅचिंग फायर’विषयीच्या प्रश्नाला एका संकलकाचे उत्तर

प्रश्न असा होता: “‘द हंगर गेम्स’चा पहिला भाग मला फार आवडला होता, म्हणून दुसरा भाग, ‘कॅचिंग फायर’, मोठ्या अपेक्षेने पाहिला. सगळे म्हणतात की तो पहिल्यापेक्षा सरस आहे. मला मात्र तोच खेळ पुन्हा खेळवल्यासारखा वाटला. रिंगणात पोचायलाच दीड तास जातो आणि शेवट तर शेवटच नाही. माझ्या पाहण्यात काही राहून जाते आहे का?”

निरीक्षण म्हणून आपल्या तिन्ही तक्रारी बरोबर आहेत. खेळ तोच आहे, रिंगण येईपर्यंत अर्ध्याहून अधिक चित्रपट सरलेला असतो आणि गोष्ट ऐन मोक्याच्या जागी थांबते. आपला मतभेद असेल तर तो या तीन गोष्टींचा अर्थ काय लावायचा याविषयी आहे. म्हणून आपला प्रश्न मी जरा वेगळ्या शब्दांत मांडतो: लेखकांना नवे काही सुचले नाही म्हणून खेळ पुन्हा आला, की तो पुन्हा यावा यातच या गोष्टीचे मर्म आहे? माझे उत्तर ठामपणे दुसरे आहे, आणि ते का, हे थोडे सविस्तर सांगतो. मी व्यवसायाने चित्रपट-संकलक आहे, रसास्वादाच्या वर्गात हा चित्रपट विद्यार्थ्यांबरोबर वारंवार पाहतो आणि या मालिकेचा मनापासून चाहताही आहे. पुढचे विवेचन या तिन्ही नात्यांनी केलेले आहे. कथेतील कलाटण्या उघड केल्यावाचून हे उत्तर देता येणार नाही, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सुरुवातीलाच मान्य करायला हव्यात. पहिला भाग पाहून बराच काळ लोटला असेल, तर दुसऱ्या भागाचा पहिला तास सैल वाटणारच, कारण तो तास पहिल्या भागाच्या शेवटावर उभा आहे आणि त्या शेवटाची पुरेशी आठवण चित्रपट स्वतः करून देत नाही. सुझन कॉलिन्स यांची कादंबरी आधी वाचलेली असेल तर अनुभव निराळा, नसेल तर निराळा. मोबाइलच्या पडद्यावर पाहिला असेल तर उत्तरार्धातील एक महत्त्वाची करामत दिसतच नाही; तिच्याविषयी पुढे येईलच. आणि आपल्याला अशा चित्रपटात मुख्यतः जगण्या-मरण्याची झुंज पाहायची असेल, तर पहिला भागच अधिक आवडणे स्वाभाविक आहे. त्या आवडीशी माझा वाद नाही.

पहिला भाग, म्हणजे २०१२ चा चित्रपट, जिथे संपतो तिथून सुरुवात करू. पॅनेम नावाच्या राज्यात बारा डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांच्यावर कॅपिटॉल या राजधानीची सत्ता आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडली जाते. ही चोवीस मुले रिंगणात सोडली जातात आणि एकच उरेपर्यंत चाललेला संहार सक्तीने सर्वांना दूरचित्रवाणीवर दाखवला जातो. चौऱ्याहत्तराव्या खेळात कॅटनिस आणि पीटा शेवटी दोघेच उरतात. एकाने दुसऱ्याला मारावे असा हुकूम येताच कॅटनिस विषारी फळे पुढे करते आणि दोघेही मरायला तयार होतात. विजेताच उरणार नाही या भीतीने आयोजक माघार घेतात आणि दोघे वाचतात. प्रेक्षक म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. सत्तेच्या नजरेतून पाहिले, तर मात्र साऱ्या राज्यासमोर एका मुलीने सरकारला नमवले आहे.

जगण्याच्या झुंजीवरील चित्रपटाचा पुढचा भाग लिहिणे फार अवघड असते. पहिल्या भागाचा सारा ताण पात्र वाचेल की नाही या एका प्रश्नावर तोललेला असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर तर देऊन झालेले असते. बहुतेक लेखक अशा वेळी संकट मोठे करतात: अधिक राक्षस, अधिक स्फोट, अधिक मृत्यू. ‘कॅचिंग फायर’ने निवडलेली वाट अधिक कठीण आहे. वाचून या मुलीच्या हाती काय आले, असा प्रश्न हा चित्रपट विचारतो, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी त्याला तो पहिला तास लागतो, ज्याची आपण तक्रार केली आहे.

विजेत्यांना सगळ्या डिस्ट्रिक्टमधून फिरवणाऱ्या विजययात्रेच्या आगगाडीतील एक प्रसंग यासाठी पुन्हा पाहावा. हा दौरा एकदाचा पार पाडू, मग घरी जाऊ, अशा समजुतीत असलेल्या कॅटनिसला तिचा मार्गदर्शक हेमिच सांगतो, की या गाडीतून उतरणे आता कधीच नाही. दरवर्षी नवी मुले निवडली जातील, दरवर्षी तिला त्यांचे मार्गदर्शक व्हावे लागेल आणि दरवर्षी तिचे खासगी आयुष्य साऱ्या राज्यासमोर मांडले जाईल. हेमिच इतका दारू का पितो, याचे उत्तर पहिल्या भागाने दिले नव्हते, ते इथे एका दमात मिळते. विजेता म्हणजे सुटलेला कैदी असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात त्याची फक्त कोठडी बदललेली असते.

त्याच दौऱ्यातील अकराव्या डिस्ट्रिक्टचा प्रसंग मी विद्यार्थ्यांना प्रथम आवाज बंद ठेवून दाखवतो. न्यायभवनाच्या पायऱ्यांवर कॅटनिस आणि पीटा उभे आहेत, समोर गर्दी आहे, आणि मागच्या खेळात मेलेल्या इथल्या दोन मुलांची, कॅटनिसची मैत्रीण झालेली रू आणि थ्रेश यांची, कुटुंबे त्यांच्या भल्यामोठ्या चित्रांखाली वेगळी उभी केलेली आहेत. दोघांच्या हाती सरकारने लिहून दिलेले भाषण आहे. पीटा ते बाजूला ठेवून या कुटुंबांना दरवर्षी आपल्या बक्षिसातील एका महिन्याचा वाटा देऊ करतो. कॅटनिसला बोलायचे नसते. रूच्या घरच्या माणसांकडे तिची नजर जाते आणि मग तिला राहवत नाही. ती बोलून थांबते तेव्हा गर्दीतून एक म्हातारा रूची चार सुरांची शीळ घालतो आणि तीन बोटे उंचावतो. त्याच्यामागोमाग सगळी गर्दी बोटे उंचावते. पुढच्या काही क्षणांत शिपाई त्या म्हाताऱ्याला ओढून पायऱ्यांवर आणतात आणि कॅटनिसच्या डोळ्यांदेखत गोळी घालतात.

संकलक म्हणून यात मला काय दिसते ते सांगतो. या प्रसंगात कॅटनिसने बंड केलेले नाही. तिने एका लहान मुलीविषयी मनातले चार शब्द बोलले, इतकेच. बंड केले ते ऐकणाऱ्यांनी, आणि त्याची किंमतही ऐकणाऱ्यानेच मोजली. पहिल्या भागात तिच्या धाडसाची किंमत तिच्या स्वतःच्या जिवाने मोजली जाणार होती. इथून पुढे तिच्या प्रत्येक खऱ्या शब्दाची किंमत दुसरा कोणीतरी मोजणार आहे. म्हणूनच त्यानंतरच्या गावांत ती कागदावरचे भाषण यंत्रासारखे वाचत जाते. नायिका भित्री झाली, अशी तक्रार इथे काही प्रेक्षक करतात, ती मला पटत नाही. आपल्यामुळे माणसे मरतात हे डोळ्यांनी पाहिलेली सतरा वर्षांची मुलगी आणखी काय करील?

या तीन बोटांचे पडद्याबाहेर काय झाले, तेही इथेच नोंदवतो, कारण त्याचा चित्रपटाच्या ताकदीशी थेट संबंध आहे. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यावर निदर्शकांनी हीच खूण उचलली आणि ती करणाऱ्यांना ताब्यात घेतले गेले. २०२१ मध्ये म्यानमारमधील लष्करी उठावानंतर तिथल्या रस्त्यांवरही ती दिसली. ही खूण पहिल्या भागातही आहे. मात्र तिथे ती मुख्यतः एका मुलीने मृत मैत्रिणीला दिलेला निरोप असते. निःशस्त्र गर्दीने बंदुकांसमोर एकाच वेळी उंचावलेली खूण, हे तिचे रूप अकराव्या डिस्ट्रिक्टच्या या दृश्याने ठसवले, असे मला वाटते.

आता राष्ट्राध्यक्ष स्नोकडे वळू. डोनाल्ड सदरलँड यांचा हा स्नो पहिल्या भागात बराचसा दूरच राहतो. इथे तो थेट कॅटनिसच्या घरात येऊन बसतो आणि स्वच्छ सांगतो, की पीटावरचे तिचे प्रेम खरे आहे असे साऱ्या राज्याला पटले पाहिजे, आणि मलाही पटले पाहिजे. दौऱ्याच्या शेवटी त्याच्या प्रासादात मेजवानी असते. तो वरून भाषण करतो, पेला उंचावतो, खाली उभी असलेली कॅटनिस त्याच्याकडे पाहते, आणि तो अगदी किंचित मान हलवतो: नाही, पटले नाही. एवढेच. संवाद नाही. बारीक मान हलवण्याने एका मुलीचे कुटुंब, मित्र आणि गाव मृत्यूच्या छायेत जाते. त्याच मेजवानीत पाहुणे पोट भरले की ओकारी आणणारे पेय घेतात आणि पुन्हा खायला बसतात, हे पीटाला कळते; त्याच्या गावात लोक उपाशी आहेत. चित्रपट या तपशिलावर भाष्य करत नाही, आणि तेच योग्य आहे.

माझ्या व्यवसायामुळे मला विशेष आवडणारा एक प्रसंग याच भागात आहे. नवा मुख्य आयोजक प्लुटार्क, म्हणजे फिलिप सीमोर हॉफमन, स्नोला सल्ला देतो: लग्नाच्या तयारीची दृश्ये दाखवा आणि मधेमधे फटक्यांची शिक्षा दाखवा, तिचा पोशाख कसा असेल, मग फटके, केक कसा असेल, मग देहदंड. हे संकलनाचे वर्णन आहे. दोन दृश्ये शेजारी ठेवली की प्रेक्षकाच्या मनात तिसराच अर्थ तयार होतो, हे आमच्या कामाचे पहिले सूत्र एक राजकारणी हत्यार म्हणून वापरू पाहतो. लग्नाच्या गप्पांत रमलेली कॅटनिस लोकांच्या नजरेतून उतरेल, असा त्याचा दावा असतो. पहिल्या वेळी आपल्याला तो क्रूर, थंड माणूस वाटतो. चित्रपटाच्या शेवटी कळते, की हा माणूस बंडखोरांच्या बाजूचा आहे. मग हाच सल्ला दुसऱ्यांदा ऐकला की त्याचा वेगळा अर्थ लागतो: उपाशी लोकांना लग्नाचा थाट आणि चाबकाचे फटके आलटूनपालटून दाखवले, तर ते कॅटनिसवर रागावतील की कॅपिटॉलवर? स्नोला एक उत्तर विकून प्लुटार्क दुसऱ्याच उत्तराची तयारी करत असतो. या एका प्रसंगासाठी तरी चित्रपट दुसऱ्यांदा पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

मग येते ती घोषणा. दर पंचवीस वर्षांनी खेळाला एक खास नियम लावला जातो, आणि पंचाहत्तराव्या खेळाचा नियम असा, की यंदाचे स्पर्धक आजवरच्या जिवंत विजेत्यांमधूनच निवडले जातील. आपण ज्याला पुनरावृत्ती म्हणता ती ही. ही पुनरावृत्ती करणारा लेखक नाही, स्नो आहे. जिंकलेल्यांना कायमचे अभय, हा या राज्याने दिलेला एकमेव शब्द होता, आणि तोच तो मोडतो, कारण जिंकणारी माणसे लोकांना आशा देतात. खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा ‘अरे, पुन्हा?’ असे आपल्या मनात येते. कॅटनिसच्याही मनात नेमके तेच येते, फक्त तिच्या बाबतीत ते ऐकल्याबरोबर रानात धावत जाऊन फोडलेल्या किंकाळीच्या रूपात येते. आपल्याला जो उबग आला तो दिग्दर्शकाला हवाच होता, असा माझा कयास आहे.

या भागातील चिठ्ठ्यांचा प्रसंग पहिल्या भागातील त्याच प्रसंगाशेजारी ठेवून पाहावा. तिथे काचेचे भांडे चिठ्ठ्यांनी भरलेले होते आणि कोणाचे नाव येणार ही धास्ती होती. इथे बाराव्या डिस्ट्रिक्टमधील विजेत्या स्त्रिया किती? एकच. त्यामुळे चिठ्ठी काढणाऱ्या एफीच्या हातासमोर भांड्याच्या तळाशी एकच चिठ्ठी पडलेली आहे, आणि तरीही तिला ती निवडल्याचा विधी पूर्ण करावा लागतो. पहिल्या भागात मुलांची नावे उत्साहाने वाचणारी हीच एफी इथे डोळ्यांतले पाणी आवरत नाव वाचते. एलिझाबेथ बँक्स यांनी या पात्राचा बदल पोशाखाखाली आणि रंगाखाली इतक्या नेमकेपणाने ठेवला आहे, की त्याची पुरेशी वाखाणणी झाली नाही याचे मला वाईट वाटते.

इथवरचे थोडक्यात असे: पहिला तास हा रिंगणाचा रस्ता म्हणून पाहिला तर लांबतो, वाचलेल्या माणसाला वाचू न देणाऱ्या व्यवस्थेची गोष्ट म्हणून पाहिला तर त्यातील जवळपास कोणताही प्रसंग काढता येत नाही. कॅटनिसचा जुना मित्र गेल याच्या वाट्याला आलेले प्रेमाचे काही क्षण मात्र मी कमी केले असते. त्याला चाबकाने फोडून काढण्याचा प्रसंग जबरदस्त आहे आणि त्याचे कॅटनिसशी असलेले नाते त्यातच पुरेसे कळते.

आता रिंगण. प्रवेशाचा क्षण आधी पाहू, कारण मघाशी उल्लेख केलेली करामत इथे आहे. कॅटनिसचा पोशाखकार सिना तिला निरोप देतो, काचेची नळी बंद होते आणि ती वर नेली जाण्याआधी शिपाई आत घुसून तिच्या डोळ्यांसमोर त्याला बेदम मारतात. आदल्या रात्री त्याने शिवलेला लग्नाचा पोशाख पेटून त्याच्यातून बंडाची खूण बनलेल्या मॉकिंगजे पक्ष्याचे रूप उलगडले होते. त्याची ही शिक्षा. ती काचेवर हात आपटत असतानाच तबक वर सरकू लागते, अंधार होतो, आणि मग एकदम लख्ख उजेड आणि चहूकडे पाणी. रिंगणाचा भाग आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित केलेला आहे, आणि आयमॅक्सच्या पडद्यावर याच क्षणी वरखालच्या काळ्या पट्ट्या सरकून चौकट उंच होत जाते. चौकट मोठी झाली की मोकळे वाटावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इथे सिनाचा मार ताजा असताना ती उघडते, त्यामुळे त्या भव्य उजेडात आपल्यालाही तिच्यासारखेच सैरभैर वाटते. नुसता देखावा मोठा करणे कोणालाही जमेल. तो नेमका कोणत्या कटावर, म्हणजे दोन शॉटच्या कोणत्या सांध्यावर, मोठा करायचा, यात कसब आहे.

रिंगणातील झुंज पहिल्या भागापेक्षा वेगळी कशात आहे? पहिल्या भागात प्रश्न होता, कोण वाचेल. इथे प्रश्न आहे, कोण कोणासाठी लढते आहे. सगळे स्पर्धक आधीचे विजेते, म्हणजे मारणे म्हणजे काय ते जाणणारे, आणि बहुतेक एकमेकांना ओळखणारे. पीटा मुलाखतीत कॅटनिस गर्भवती असल्याची थाप मारतो, प्रेक्षागार खवळते, आणि चोवीसही विजेते एकमेकांचे हात धरून उभे राहतात. घाईघाईने दिवे घालवावे लागतात. तरीही रिंगणात उतरताना कॅटनिस कोणावर विश्वास ठेवायला तयार नाही. आपणही तिच्याच डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे फिनिक नावाचा स्पर्धक पीटाचा थांबलेला श्वास पुन्हा सुरू करतो, म्हातारी मॅग्स आपण होऊन विषारी धुक्यात चालत जाते, वानरांच्या हल्ल्यात एक अनोळखी बाई पीटाच्या आड येते, जोहाना बीटीला आणि वायरेसला जिवापाड सांभाळून घेऊन येते, तेव्हा हे सगळे इतके का करत आहेत, हे कोडे वाढत जाते. उत्तर शेवटी मिळते: यांपैकी अनेक जण तिला जिवंत बाहेर काढण्याच्या कटात सामील होते, आणि तिला ते माहीत नव्हते.

हा कट प्रेक्षकापासून लपवण्यासाठी कादंबरीतून बरेच काही काढले गेले, आणि ते बहुतांशी योग्यच झाले. २००९ च्या कादंबरीत प्लुटार्क नाचताना कॅटनिसला आपल्या घड्याळावर उमटणारा तोच मॉकिंगजे पक्षी दाखवतो. चित्रपटात घड्याळ नाही. कादंबरीत रानात दोन पळून आलेल्या स्त्रिया भेटतात आणि पूर्वीच्या बंडात नष्ट झाला असे मानला गेलेला तेरावा डिस्ट्रिक्ट अजून अस्तित्वात असावा अशी कुणकुण लागते. त्या दोघीही चित्रपटात नाहीत. रिंगणात भेट म्हणून येणाऱ्या पावांमधून सुटकेची वेळ कळवली जाते, तोही धागा वगळला आहे. वाचकाला हे सारे कॅटनिसच्या मनातून कळते आणि तिच्या मनात ते गोंधळलेलेच राहते. पडद्यावर तेच वस्तुरूपाने दिसले असते तर प्रेक्षकाने कट अर्ध्यावरच ओळखला असता. हेमिचने पन्नासाव्या खेळात रिंगणाच्या अदृश्य भिंतीचाच वापर करून विजय मिळवला होता, त्याची चित्रफीत कॅटनिस आणि पीटा पाहतात, हा भागही चित्रपटात आला नाही. याची मात्र मला रुखरुख आहे, कारण त्यामुळे हेमिच जितका खोल व्हायला हवा होता तितका होत नाही.

भिंतीची पेरणी त्याशिवायही नीट केलेली आहे, हे कौतुकाने सांगितले पाहिजे. सरावाच्या वेळी वायरेस आणि बीटी आयोजकांसमोरच्या अदृश्य पडद्याच्या कोपऱ्यात चमकणारी खूण कॅटनिसला दाखवतात. रिंगणात पीटाचे हत्यार त्याच प्रकारच्या भिंतीवर आदळते आणि त्याचे हृदय थांबते. मग कळते, की रिंगण घड्याळासारखे बारा भागांत विभागलेले आहे, प्रत्येक तासाला एका भागात एक संकट सुटते, आणि दुपारी व मध्यरात्री बारा वाजता एका झाडावर वीज पडते. शेवटी कॅटनिस बीटीची तार बाणाला बांधून वीज पडण्याच्या क्षणी तो बाण वर, थेट छतात सोडते, तेव्हा हे तिन्ही धागे एका कृतीत जुळतात. त्याआधी तिचा बाण फिनिकवर रोखलेला असतो आणि खरा शत्रू कोण याची आठवण तो तिला करून देतो. बाण माणसावरून हटून छताकडे वळतो, इथे हा चित्रपट पहिल्या भागाच्या पुढे निघून जातो. पहिल्या भागात ती खेळाच्या नियमातून निसटली होती. इथे ती खेळच फोडते.

दिग्दर्शकाच्या बदलाचाही आपल्या अनुभवाशी संबंध असावा. पहिला भाग गॅरी रॉस यांचा होता, सुमारे ८ कोटी डॉलरमध्ये झालेला. तयारीला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून ते बाजूला झाले आणि फ्रान्सिस लॉरेन्स आले. खर्च सुमारे १३ कोटींवर गेला. रॉस यांच्या चित्रपटात कॅमेरा हातात धरलेला, सतत थरथरणारा होता. अनेकांना त्याचा त्रास झाला. मला तो त्या भागासाठी समर्थनीय वाटतो, कारण मुले मुलांना मारत असताना स्थिर, देखणी चौकट अनुचित झाली असती. लॉरेन्स आणि छायालेखक यो विलेम्स यांनी कॅमेरा शांत केला. संकलकही बदलले आणि शॉट अधिक काळ टिकू लागले. या शांततेमुळे मान हलवण्यासारखी बारीक क्रिया दिसते, आणि तिच्यामुळेच पहिल्या भागातील धडधड कमी झाली असेही आपल्याला वाटू शकते. दोन्ही एकाच निर्णयाची फळे आहेत.

उणिवाही सांगतो. समोरच्या बाजूचे लढवय्ये, पहिल्या दोन डिस्ट्रिक्टचे विजेते, केवळ धोका म्हणून येतात. त्यांनाही सत्तेने फसवलेच आहे, पण त्यांच्या तोंडी त्याची दोन वाक्येही धडपणे येत नाहीत. रिंगणातील संकटे एकामागून एक येतात तेव्हा धुके आणि आप्तांच्या आवाजात किंचाळणारे पक्षी मनात राहतात, कारण त्यांतून माणसे उघडी पडतात. रक्ताचा पाऊस नुसता चमत्कार होऊन जातो. सगळ्यांत मोठी उणीव शेवटाकडे आहे. सारा कट, त्यात कोण कोण होते, पीटा आणि जोहाना मागे कसे राहिले, हे विमानात घाईघाईच्या काही वाक्यांत सांगून टाकले जाते. इतक्या संयमाने बांधलेल्या रहस्याला आणखी थोडी जागा मिळायला हवी होती. १४६ मिनिटांच्या लांबीत ती काढता आली नसती असे मला वाटत नाही.

मग शेवट अपुरा आहे का? कथानक म्हणून होय. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाला उरलेली गोष्ट पाहायला वर्षभर थांबावे लागणार होते, आणि त्या प्रेक्षकाचा राग मी समजू शकतो. पण वाचून हाती काय आले, या प्रश्नाचे उत्तर या शेवटात पूर्ण आहे. तिला वाचवले गेले आहे, तेही तिला न विचारता. पीटा कॅपिटॉलच्या ताब्यात आहे. आणि गेल तिला सांगतो की बारावे डिस्ट्रिक्ट आता उरलेले नाही. दुसऱ्यांदा जिवंत राहिल्यावर परत जायला घरच नाही. त्यानंतर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि जेनिफर लॉरेन्स एकही शब्द न उच्चारता हुंदक्यातून संतापापर्यंत जाते. या शॉटमध्ये एकही कट नाही. तो असता तर बदल आम्ही संकलकांनी केला असे झाले असते. नसल्यामुळे तो बदल तिचाच राहतो. त्याच्यापुढे एखादे युद्धाचे दृश्य जोडून शेवट ‘पूर्ण’ करता आला असता, पण मी तसे मुळीच सुचवले नसते.

आता आपण काय करावे, याविषयी. चित्रपट पुन्हा पाहण्याची इच्छा असेल तर आधी पहिल्या भागाची शेवटची वीस मिनिटे पाहावीत, म्हणजे विषारी फळांचा प्रसंग, स्नोची नाराजी आणि जुन्या आयोजकाचे काय होते ते ताजे राहील. लगेच दुसरा भाग लावावा, शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर. प्लुटार्क जिथे जिथे बोलतो तिथे तो दोन माणसांशी एकाच वेळी बोलतो आहे असे समजून ऐकावे, आणि रिंगणात फिनिक व जोहाना कुठे पाहतात याकडे लक्ष ठेवावे. एवढे करूनही हा भाग आवडला नाही, तर तो आवडला पाहिजे असा कोणताही नियम नाही; झुंजीचा कच्चा, अंगावर येणारा अनुभव पहिल्या भागातच अधिक आहे, हे मी वर मान्य केलेच आहे.

पुढचे भाग पाहावेत का, असे आपण विचारलेले नाही, तरी शेवटाविषयीच्या तक्रारीमुळे त्याचे उत्तर देणे भाग आहे. तिसऱ्या कादंबरीचे दोन चित्रपट केले गेले, २०१४ आणि २०१५ मध्ये. त्यांतील पहिला एकटा पाहिला तर अर्धवट वाटतो, आणि तिथे ही तक्रार मलाही पूर्ण मान्य आहे, कारण एका पुस्तकाची गोष्ट मधोमध तोडलेली आहे. म्हणून ते दोन्ही सलग दोन दिवसांत पाहावेत. त्यात रिंगण नाही, पण कॅटनिसचा चेहरा आणि आवाज या वेळी बंडखोरांच्या प्रचारासाठी वापरला जातो, आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची तीच सक्ती आता दुसऱ्या बाजूने येते.